नव्या सुनेचं नाव बदलाच लागते का? इकडं मायचा सातबारा अडकून पडला

सोयाबीनवाला: रामराम मंडळी. तुळशीचं लग्न लागलं की लहान्या भावाचं लग्न आहे. मोठी माय म्हणते ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवीन नाव लिहाच लागते, नाव बी काढून ठेवलं त्यांनी. अन माह्या मायचंच पाहा, मामाकडच्या सातबाऱ्यावर ते वत्सला, आधारवर अन पासबुकावर कमल. मामा हिस्सा द्याले तयार, भांडण काहीच नाही, तरी तलाठी विचारते ही कमल कोण? ऐन सोंगणीत तीन चकरा झाल्या. काय कराव?

वर्धेकर: दोन्ही नावाची बाई एकच असं शपथपत्र करा, सोबत मायचा शाळेचा दाखला जोडा. तेवढ्यानं नाही भागलं तं राजपत्रात नावबदल छापून घ्या, अर्ज ऑनलाइन होते. फक्त जुनं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच्या तसं टाका, वच्छला अन वत्सला एवढ्यावर बी अडवतात. अन सुनेनं नाव बदललंच पायजे असा कायदा नाही बाप्पा, आडनाव सुद्धा नाही.

बसस्टँडवरचा: नाव बदलून गोंधळच होते असं नाही, मिटते बी. आपल्या सेवाग्रामचं नाव पयले सेगाव होतं. गांधीजी 1936 मधी तिथं राहाले आले, अन टपाल जाये तिकडं बुलडाण्याच्या शेगावले! म्हणून 1940 मधी सेवाग्राम केलं. तिथं कारण होतं. तुमच्या वहिनीचा कोणत्या बाईशी घोटाळा होऊन राह्यला?

कास्तकारीन: माह्या लग्नात मीच अंगठी हातात घेतली अन तांदळात शाळेतलंच नाव लिहिलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाही, मंग भाकरी थापता थापता त्याच नावानं हाक मारली.

सोयाबीनवाला: सेवाग्रामचं मोठी मायले सांगितलं. तं म्हणे माहं नाव काशी होतं, पण आतेसासू बी काशीच, एक हाक मारली की दोघी उठो, म्हणून बदललं. मी म्हटलं, आता नवरीच्या नावाची आपल्या घरात दुसरी कोण आहे? चूप बसल्या, मंग म्हणे तांदूळ तरी नवे घ्या. उद्या शपथपत्राले तहसीलात जातो.