कुड्याच्या सालीतून मिळालेले संयुग नवे आहे का?

प्रश्न (चोपडा, पदव्युत्तर विद्यार्थी)

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या शेताच्या बांधावर पांढरा कुडा आहे. त्याची एक किलो साल सावलीत वाळवून मी मिथेनॉलमध्ये अर्क काढला, तो सिलिका कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या सिलिका भरलेल्या नळीवर) चढवून हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटने उतरवला, आणि एका फ्रॅक्शनमधून (उतरलेल्या द्रावाच्या एका भागातून) १४ मिलिग्रॅम रंगहीन, तेलकट पदार्थ हाती आला. टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करण्याच्या चाचणीत) त्याचा एकच ठिपका दिसतो. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचे व त्याच्या तुकड्यांचे वस्तुमान दाखवणाऱ्या आलेखात) ३९१ आणि ४१३ असे ठळक पीक आहेत, तुकड्यांत १४९ सर्वांत उंच आहे, आणि प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतील हायड्रोजनची मांडणी दाखवणाऱ्या चाचणीत) ७.७, ७.५ व ४.२ जवळ सिग्नल आहेत. कुड्याच्या ज्ञात अल्कलॉइडांशी (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त संयुगांशी) यातले काहीच जुळत नाही. संयुग नवे समजून पुढे जावे काय?

उत्तर १ (जळगाव)

जुळत नाही, कारण ते बहुधा कुड्यातले नाहीच. ३९१ आणि ४१३ मधला २२ चा फरक प्रोटॉनच्या जागी सोडियम आल्याचा आहे, म्हणजे रेणूचे वस्तुमान ३९०. आणि १४९ ही तर थॅलेटची ओळखखूणच. प्लास्टिक मऊ करण्यासाठी घालतात ते डायऑक्टाइल थॅलेट तुम्ही शुद्ध केलेले दिसते. वॉश बॉटल, रबरी नळी, सॉल्व्हंटचा (विद्रावकाचा) कॅन यांतून ते थोडेथोडे उतरते आणि काही लिटर सॉल्व्हंट आटवल्यावर मिलिग्रॅममध्ये साठते. पाइप आणि चटयांच्या आमच्या गावात प्लास्टिकला नावे ठेवणे बरे दिसत नाही, परंतु कॉलमजवळ ते नकोच. साल न घालता तेवढेच सॉल्व्हंट त्याच भांड्यांतून न्या, आटवा आणि त्याची टीएलसी तुमच्या पदार्थाशेजारी लावून पाहा.

उत्तर २ (धुळे, निवृत्त प्राध्यापिका)

वरील निदान मला पटते. एका सॉल्व्हंट सिस्टिममधला एकच ठिपका हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, किमान दोन वेगळ्या सिस्टिम लावाव्यात. कुड्यातील अल्कलॉइड हवी असतील तर अर्क सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घेऊन गाळावा, अमोनियाने पीएच ९ ते १० वर आणावा, मग क्लोरोफॉर्मने ओढावा. सिलिकावर अल्कलॉइडचा ठिपका शेपटीसारखा लांबतो. सॉल्व्हंटमध्ये डायइथाइलअमाइनचे काही थेंब टाकल्यास तो आवरतो. ड्रॅगेनडॉर्फ हे अल्कलॉइड ओळखण्याचे रसायन फवारल्यावर नारिंगी रंग आला आणि मासमध्ये ३५७ दिसला, तर आधी कोनेसीन हे कुड्यातले ज्ञात अल्कलॉइड समजावे, ते एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. नवेपणाचा विचार त्यानंतरचा.

त्याआधी एक गोष्ट विचारते: झाड पांढऱ्या कुड्याचेच आहे ना? काळ्या कुड्याची साल त्याच्या नावाने सर्रास विकली जाते. काळ्याच्या जोडशेंगांची टोके पिकेपर्यंत एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. शेंगेसह फांदी दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर, मॅडम, आभारी आहे. साल न घालता केलेल्या प्रयोगातही त्याच उंचीवर तोच ठिपका आला. वॉश बॉटल काढून टाकली आहे. झाडावर जाऊन पाहिले, शेंगा सुट्याच आहेत. उद्यापासून उरलेल्या अर्कावर आम्लाची पद्धत सुरू करतो.