मदत हवी आहे: ‘पोलार्डेड’ झाडाला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. शाळेतल्या मुलांसाठी झाडांवरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करतेय. ‘पोलार्डेड’ या विशेषणापाशी अडलेय. ‘शेंडा छाटलेलं’ लिहून पाहिलं, पण त्यात निम्माच अर्थ येतो.

झाड लहान असतानाच दोन-तीन मीटर उंचीवर कापायचं आणि पुढं दर काही वर्षांनी त्याच जागचे फुटवे काढत राहायचं, म्हणजे पोलार्ड. कापायच्या जागी गाठाळ डोकं तयार होतं. एवढ्या उंचीवर कापायचं ते कोवळ्या फुटव्यांना जनावरांचं तोंड पोचू नये म्हणून. वर सरपण, खाली चराई. लंडनजवळच्या एपिंग जंगलातली हॉर्नबीमची जुनी झाडं अशीच आहेत. १८७८च्या कायद्यानं तिथल्या लोकांचा फांद्या तोडायचा हक्क गेला, आणि भरपाईतून लाउटन गावात ‘लॉपिंग हॉल’ उभा राहिला. पुस्तिकेत हे सगळं आहे, त्यामुळं शब्द गाळता येत नाही.

जमिनीलगत तोडलेल्या झाडाला ‘कॉपिस्ड’ म्हणतात. त्याची चिंता नाही, उसाच्या खोडव्याचं उदाहरण दिलं की आपल्याकडची पोरं लगेच समजतात.

पोलार्डसाठी मला ‘भुंडं’ सुचतंय. इंग्रजीत पोलार्ड म्हणजे बिनशिंगाचं जनावरसुद्धा, आणि आपणही तशा म्हशीला भुंडीच म्हणतो. पण भुंडं म्हटलं की ओकंबोकं डोळ्यापुढं येतं. पोलार्डला तर नंतर भरगच्च पालवी फुटते. मग ‘भुंडं राखलेलं झाड’ चालेल का?

गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडचे कोणी असाल तर जरूर सांगा. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐन, किंजळाच्या फांद्या तोडतात, कोकणात त्याला कवळ तोडणं म्हणतात. वर्षानुवर्षं तोडून आकार बदललेल्या त्या झाडाला तुमच्या गावात वेगळं नाव आहे का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर फार बरं होईल.

आणखी एक. विजेच्या तारांखाली शेंडे उडवलेल्या गुलमोहरालाही पोलार्डेड म्हणावं, असं एका सहकाऱ्यांचं मत आहे. मला ते पटत नाही. तिथं ठरलेली जागा नाही, झाड लहानपणापासून तसं वाढवलेलंही नाही, मिळेल तिथं करवत चालवलेली असते. मुलांनी ती मोडतोड आणि ही जुनी रीत एकच समजू नये, असं मनापासून वाटतं. वनखात्यात किंवा रोपवाटिकेत काम केलेल्यांनी यावर नक्की लिहा.