मदत हवी आहे: धूळवाफेचं भात अर्धंच उगवलंय, मोडू का ठेवू?

येळ्ळूर_शिवार: बेळगावजवळ येळ्ळूरला रोहिणीत धूळवाफ पेरणी केली, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत बी टाकलं. एक जोराची सर आली, उगवण सुरू झाली आणि पावसानं दडी मारली. कुठं दाट, कुठं टक्कल. दुकानदार म्हणतो मोडा, संकरित बी टाका. बाबा म्हणतात आर्द्रा लागू दे. उद्याचा ट्रॅक्टर सांगितलाय, लवकर सांगा.

मलप्रभाकाठ: जमीन कसली? वाण कुठलं? बी घरचं की विकतचं? काहीच लिहिलं नाही, सांगायचं काय?

येळ्ळूर_शिवार: काळीच की ओ, येळ्ळूरला आणखी कसली. घरचं बासमती, कणगीतलं.

खानापूरचा_भातकरी: टक्कल आहे तिथं उकरून बघा. दाणा टणक असला तर ओलीची वाट बघतोय, मऊ पडून वास मारत असला तर गेला. सरीनंतर वर पपडी धरली असेल तर काटेरी फांदी हलकी ओढा, कोंब सुटतो. पाऊस लागला की दाट जागेतली रोपं काढून नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, भरायचे. अख्खं शेत कशाला मोडता?

हवामान_वाचक: आर्द्रा दरवर्षी 21-22 जूनलाच लागणार, ती सूर्यावर ठरते. पाऊस तसा राहिलाय का? 2019 च्या ऑगस्टात पूर, 2023 ला दुष्काळ. हवामान खात्याचा अंदाज बघून ठरवा.

खानापूरचा_भातकरी: अंदाज बघाच. पण आमची म्हातारी माणसं नुसती तारीख बघून पेरत नव्हती, ओल किती खोल गेली ते हातानं बघायची. घरात लवकर पिकणारं हळवं आणि उशिरा पिकणारं गरवं, दोन्ही बी ठेवायची. एक गेलं तर दुसरं हाताशी.

वडगाव_शेतकरी: उगवलं तरी पुढं बुडणारच. बळ्ळारी नाल्याचं पाणी आमच्या शिवारात चढतं, त्यावर बोला आधी. नाला साफ होईना तोवर कुठलंही बी घाला, सारखंच.

मलप्रभाकाठ: बुडीत जमिनीला स्वर्णा सब-1 हे भाताचं वाण आहे, दोनेक आठवडे पाण्याखाली तग धरतं. आणि तो गुण आला कुठून? ओडिशातल्या जुन्या देशी भातातून. म्हणून सांगतो, घरचं बी मोडीत काढू नका.

वडगाव_शेतकरी: त्याला बासमतीचा वास येतो का? भाव वासाला मिळतो.

ठिबकवाला: भात सोडा, ऊस लावा. ठिबकवर पाणी कमी लागतं.

मलप्रभाकाठ: उसाचं कुणी विचारलं, दादा?

येळ्ळूर_शिवार: उकरून आलो. खालच्या अंगाला दाणा टणक आहे, वरच्या बांधाकडं कुजलाय. ट्रॅक्टर थांबवला. वरच्या तुकड्यापुरतं हळवं देशी बी कुणाकडं मिळेल?

खानापूरचा_भातकरी: आमच्यात आहे, या. पेरायच्या आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, 80 ला तरी मोड यायला पाहिजेत. मिठाच्या पाण्यात तरंगतील ते काढून टाका, बाकीचं साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा.