जुन्या डब्याचं थ्रीडी मॉडेल : नुसतं चित्र नव्हे

वर एकांनी विचारलंय की इंटर्नशिपला पोरं जुन्या रेल्वे डब्याचं थ्रीडी मॉडेल करतात त्याचा डबा दुरुस्त करायला काय उपयोग. भावा, लय उपयोग आहे. अशा डब्याचे पार्ट बाजारात मिळत नाहीत, ड्रॉइंग बऱ्याचदा गहाळ, मग तुटका ब्रॅकेट स्कॅन करायचा, कॅडमधे (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) नीट करायचा, त्यावरनं पॅटर्न (ज्यावरनं ओतायचा साचा करतात तो नमुना) आणि मग ओतकाम, पॅटर्न आता थ्रीडी प्रिंटचा पण चालतोय.

खरी गोची पुढं आहे. स्कॅन आलं की पोरं तेच प्रमाण धरतात, पण डबा खचलेला असतोय, सागवानी फ्रेम वाकलेली, म्हणजे स्कॅनमधे आजचा डबा दिसणार, कारखान्यातनं निघालेला नाही. शिवाय श्रिंकेज! बीड (ओतीव लोखंड) गार होताना मीटरला साधारण 10 मिमी आकसतंय, स्टील त्याच्या दुप्पट, तेवढं मॉडेल मोठं करायला लागतंय, मशिनिंगचा अलाउन्स (नंतर कापून-घासून काढायला ठेवलेलं जादा माप) वेगळाच. हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही जुना पॅटर्नवाला चहा पिता पिता सांगेल, त्यामुळं माझं मत विचाराल तर निम्मी इंटर्नशिप फाउंड्रीतच (ओतकामाच्या कारखान्यात) करावी (कपडे काळे होतील, होऊ देत).

आपल्याकडं विषय पण आहेत की, कोल्हापूर-मिरज लाइन 1891 ची, मिरजेला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज होती.

स्कॅनर नसला तर मोबाइलवर फोटोग्रामेट्री (फोटोंवरनं थ्रीडी मॉडेल) करा, फोटो एकमेकांवर चढते घ्या आणि फ्रेममधे मोजपट्टी ठेवा, नायतर स्केल गंडतंय. चकचकीत पितळेवर चमक मारायला पांढरी पावडर मारा.