थकलेल्या फाइव्ह-डी मार्क थ्रीनंतर काय घ्यावे?

कृष्णाकाठ
मी सातारा-कराड पट्ट्यात लग्नांची छायाचित्रे काढतो. २०१३ मध्ये घेतलेला कॅनन फाइव्ह-डी मार्क थ्री हाच आजही माझा मुख्य कॅमेरा आहे. त्याचे शटर दीड लाख क्लिकपर्यंत टिकेल असे कंपनी सांगते. माझे एकदा बदलून झाले आहे आणि दुसरेही एक लाख तीस हजारांच्या पुढे गेले आहे. (हा आकडा मेनूत दिसत नाही, तो दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावा लागला.) मुठीचे रबर सुटले आहे आणि फोकसचे बटण कधी कधी दोनदा दाबावे लागते. लेन्स मात्र ठणठणीत आहेत: २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटर, दोन्ही एफ २.८, शिवाय ८५ एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो).

तुळशीचे लग्न लागले की आमचा मोसम सुरू होईल, त्याआधी निर्णय हवा. खर्चाची मर्यादा सव्वादोन लाख. पुन्हा शटर बदलून आणखी दोन वर्षे काढावीत, वापरलेला मार्क फोर (याच मालिकेतला पुढचा) घ्यावा, की मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे), म्हणजे कॅननच्याच आर-सिक्स मार्क टूकडे जावे? माझा कल शेवटच्या पर्यायाकडे आहे. तो चुकीचा वाटत असेल, तर कारणासह सांगावे.

सेकंडहँड
चुकीचाच वाटतो, आणि कारण तुमच्या ग्राहकाच्या हातातल्या अल्बममध्ये आहे. आपल्याकडे करिझ्मा (छापील पानांचा) अल्बम बहुधा १२ बाय ३६ इंचांचा, म्हणजे एक पान १२ बाय १८ चे. मार्क थ्रीचे चित्र ५७६० बाय ३८४० पिक्सेलचे असते. ते पूर्ण पानावर लावले तर इंचाला बरोबर ३२० पिक्सेल पडतात. आर-सिक्स मार्क टूचे चित्र ६००० बाय ४००० चे, म्हणजे इंचाला ३३३. या तेरा पिक्सेलांसाठी दोन लाख घालायचे का, हे नवरीच्या वडिलांना विचारून पाहा.

वापरलेला मार्क फोर घ्या. २०१६ चा कॅमेरा आहे, ३०.४ मेगापिक्सेलचा, आणि बटणे जवळजवळ जिथल्या तिथे आहेत. शिवाय मार्क थ्रीत नसलेली एक सोय त्यात आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिचकतात. मार्क फोर तो ठेका ओळखून उजेड भरात असतानाच शटर सोडतो. जुन्या कार्यालयांतल्या एका पिवळट आणि एका करड्या फोटोचा वैताग त्याने बराच कमी होतो.

अंतरपाट
वरचे गणित बरोबर आहे, पण प्रश्न चुकीचा सोडवला आहे. लग्नात वाया जाणारे फोटो पिक्सेल कमी पडल्यामुळे वाया जात नाहीत, फोकस चुकल्यामुळे जातात. मार्क थ्रीचे ६१ फोकस-बिंदू चौकटीच्या मधल्या भागात दाटीने बसवलेले आहेत, आणि मार्क फोरचेही तसेच, थोडे अधिक पसरलेले. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी नवरी चौकटीच्या डाव्या कडेला असते, मामा मागे असतात आणि मधोमध असते गुरुजींची पाठ. तेव्हा मधल्या बिंदूने फोकस धरून कॅमेरा वळवायचा आणि ८५ ची लेन्स एफ १.८ वर ठेवून डोळा टिपायचा, हा खेळ मी दहा वर्षे खेळलो. चारातला एक फोटो कानावर फोकस झालेला निघायचा. मिररलेसमध्ये डोळा चौकटीच्या अगदी कडेला असला तरी कॅमेरा तो धरून ठेवतो.

शिवाय २४-७० ला स्वतःचे कंपनरोधन (हात हलल्याने येणारा धूसरपणा रोखणारी सोय) नाही. आर-सिक्स मार्क टूच्या बॉडीत ते आहे, त्यामुळे जुनीच लेन्स मंद उजेडात अधिक उपयोगी पडते. आणि मंगलाष्टके चालू असताना शटरचा खडखडाट होत नाही, हा फायदा वेगळाच.

सेकंडहँड
तो खडखडाट बंद करणारे इलेक्ट्रॉनिक शटर लावले की या कॅमेऱ्यावर फ्लॅश चालत नाही, हे सांगायचे राहिले. साताऱ्यातील किती कार्यालयांत तुम्ही फ्लॅशशिवाय अक्षता टिपू शकता? त्यात वरातीतले आणि स्टेजवरचे एलईडी पार लाइट आले, की त्याच निःशब्द शटरने फोटोवर आडवे पट्टे उमटतात. डोळ्यावरच्या फोकसचा मुद्दा मी मान्य करतो, शांततेचा नाही.

अंतरपाट
हे खरे आहे आणि मी ते लिहायला हवे होते. मी स्वतः यांत्रिक शटरच वापरतो. निःशब्द फक्त सकाळच्या घरगुती विधींना, खिडकीच्या उजेडात. नव्याने येणाऱ्यासाठी आणखी एक खड्डा सांगून ठेवतो. मॅन्युअलवर फ्लॅश लावून काम करताना व्ह्यूफाइंडर खऱ्या उजेडाचे चित्र दाखवतो, म्हणजे अंधाऱ्या सभागृहात जवळजवळ काळोख. उजेडाचे ते अनुकरण (एक्स्पोजर सिम्युलेशन) मेनूतून बंद करावे लागते. पहिल्या लग्नात मला हे ठाऊक नव्हते आणि कन्यादानाच्या वेळी कॅमेरा बिघडला असे समजून मी घामाघूम झालो होतो.

पाणकावळा
मी भिगवणला पक्षी टिपतो, लग्ने नव्हेत, म्हणून जुन्या लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या अडॅप्टरपुरतेच लिहितो. मार्क थ्रीसारख्या जुन्या ईएफ कॅमेऱ्यात लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत ४४ मिलिमीटर अंतर असते, आर-सिक्ससारख्या नव्या आरएफमध्ये २०. अडॅप्टर म्हणजे मधले २४ मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी आणि विद्युत्संपर्क. त्यात काच नाही, त्यामुळे चित्राची प्रत उतरत नाही. माझी जुनी ४०० ची लेन्स त्यावर पूर्वीपेक्षा चांगली चालते.

दुसरे असे की, १-डीएक्स मार्क थ्री हा आपला शेवटचा अग्रणी डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल, असे कॅननचे प्रमुख फुजिओ मितराई यांनी २०२१ च्या अखेरीसच सांगितले होते. मार्क फोरवर आज घातलेले पैसे पुढे विकताना किती परत येतील, याचाही विचार व्हावा.

सेकंडहँड
जी वस्तू आधीच निम्म्याहून कमी किमतीला मिळते, तिची किंमत आणखी घसरून किती घसरणार? घसरणीचा खरा फटका नवी घेणाऱ्याला बसतो.

हिशेबनीस
मी छायाचित्रकार नाही, एका स्टुडिओचे हिशेब पाहतो. तिथल्या बदलात ठरवलेल्या रकमेवर आणखी पन्नास हजार गेले, ते कुठे गेले हे सांगतो. मार्क थ्रीत एक सीएफ आणि एक एसडी, अशी दोन प्रकारची मेमरी कार्डे बसतात. नव्यात दोन्ही एसडी, त्यामुळे जुनी सीएफ कार्डे कपाटात गेली आणि जलद एसडी घ्यावी लागली. नवा कॅमेरा रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) सीआर-थ्री स्वरूपात देतो. ज्यांच्याकडे फोटो संपादनाचे, एकदाच विकत घेतलेले लाइटरूम सिक्स आहे, त्यांच्याकडे ती उघडत नाही, म्हणजे वर्गणी सुरू करा किंवा प्रत्येक फाइल आधी रूपांतरित करा. ग्राहकाने फोर-के चित्रफीत मागितली की हार्ड डिस्क आणि संगणकही. बॅटऱ्यांचा खर्च मात्र वाचला. जुन्या एलपी-ई-सिक्स बॅटऱ्या नव्यात चालतात, फक्त सलग फोटोंचा वेग कमी होतो.

उलट बाजूही आहे. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि तुम्ही बिलात कर लावत असाल, तर नव्या कॅमेऱ्यावरचा १८ टक्के कर वजा मिळतो. ओळखीच्या माणसाकडून रोखीने घेतलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर काहीच मिळत नाही. सेकंडहँड यांच्या तुलनेत हा फरक धरलेला नाही.

सेकंडहँड
नोंदणी असेल तर. तालुक्याच्या गावात एकट्याने काम करणाऱ्या किती जणांची असते?

कृष्णाकाठ
माझी नाही, त्यामुळे तो लाभ बाद. लाइटरूम सिक्सवर मात्र माझेच नाव लिहिलेले आहे. हा खर्च माझ्या डोक्यात नव्हता. अल्बमचे गणित वाचून पिक्सेलांचा मोह सुटला, पण कानावर फोकस झालेल्या फोटोंचा उल्लेख वाचून गेल्या मोसमातील एक लग्न पुन्हा उघडून पाहिले. ८५ ने काढलेल्या २१० फोटोंपैकी ५८ फोकसमुळे टाकावे लागले होते. जुनी बॉडी दुसरा कॅमेरा म्हणून राहील, लेन्स दोन्हीकडे चालतील, हेही नव्याच्या बाजूने जाते. तेव्हा आधी आर-सिक्स मार्क टू दोन दिवस भाड्याने घेऊन एका हळदीला आणि लग्नाला वापरतो, आणि त्याच ५८ च्या मापाने मोजतो.

सेकंडहँड
मोजणार असाल तर संध्याकाळच्या स्वागत समारंभालाही तो न्या, कारण हळद अंगणात उन्हात होते आणि तिथे तुमचा मार्क थ्रीही चुकत नाही. ८५ ची लेन्स, फ्लॅश, रंगीत पार लाइट, आणि जुना कॅमेरा दुसऱ्या खांद्यावर, एवढे सगळे एकाच संध्याकाळी असू द्या. तिथे टाकाऊ फोटो निम्म्यावर आले तर मी माझा विरोध मागे घेईन. नाही आले तर मार्क फोर कुठे पाहायचा ते मला विचारा.