फोटो काढताना विचारायचं की नाही? ससून डॉक, असल्फा वगैरे

चौकटीबाहेर (धागाकर्ता)

रविवारी पहाटे पाचला कुलाब्याच्या ससून डॉकला, मासळीच्या गोदीत, गेलो होतो. अंधारातच बोटी लागलेल्या, बर्फ फोडायचा आवाज, लिलावाचा गलका. एका कडेला बायका पाटांवर बसून कोळंबी सोलत होत्या. वरून एकाच बल्बचा पिवळा उजेड. असा उजेड पैसे देऊन मिळत नाही. गुडघ्यावर बसलो आणि चार-पाच फोटो काढले. त्यातली एक बाई मान वर न करता म्हणाली, "विचारलंस?"

एवढंच. पुढे भांडण नाही की शिवी नाही. ती कोळंबी सोलत राहिली. मी फोटो पुसून टाकले आणि घरी येऊन दिवसभर तोच शब्द डोक्यात.

मग जुने फोटो काढून बसलो. बारा वर्षांचं मुंबईचं काम. सेनापती बापट मार्गावरची भिंत (2009 साली लोकांनी एकत्र येऊन रंगवली होती ती), वांद्र्याचा चॅपल रोड, वांद्रे रेक्लमेशनजवळ टेलिफोनच्या इमारतीवरचे भलेमोठे दादासाहेब फाळके, असल्फाची रंगीत टेकडी. लक्षात आलं की माझी युक्ती सगळीकडे एकच. रंगवलेल्या भिंतीसमोर दबा धरून बसायचं आणि चित्राला शोभेल असं माणूस येईपर्यंत थांबायचं. निळी भिंत असेल तर लाल लुगड्याची बाई. वाघाचं चित्र असेल तर समोरून पळणारं पोर. असल्या एका फोटोला आमच्या क्लबात बक्षीसही मिळालंय. त्यातल्या माणसाचं नाव मला माहीत नाही, तेव्हाही विचारलं नव्हतं.

म्हणून माझं मत मांडतो: चेहरा ओळखू येत असेल तर आधी विचारायचं. विचारता येत नसेल तर नुसती भिंत काढायची. सार्वजनिक चित्र सार्वजनिक आहे, त्याच्यासमोरून जाणारा माणूस नाही.

विरोध अपेक्षित आहे. या.

बिनबुडाचा तांब्या

घ्या विरोध.

विचारलंत की फोटो मेला. समोरचा माणूस पदर सारखा करतो, पोट आत घेतो, शाळेच्या ग्रुपफोटोसारखा उभा राहतो. तो फोटो त्याचा नसतो, त्याच्या इस्त्रीचा असतो. चर्चगेटला लोकल सुटताना धावणारा, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पाठ करून बसलेलं जोडपं, गेटवेवर कबुतरांमागे धावणारं पोर, यांना थांबवून "आपली हरकत नाही ना?" विचारणार? ते जोडपं तर पळूनच जाईल.

छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईतलं रोजचं जगणं टिपलं, म्हणून आज आपल्याला ती मुंबई बघता येते. (सुरुवातीला ते फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जात, हा वेगळ्या धाग्याचा विषय.) सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले नसते, तर गटारात उतरणारा माणूस कसा दिसतो हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? तुमचा नियम लावला तर शहराच्या नोंदीत फक्त भिंती उरतील. शंभर वर्षांनी बघणाऱ्याला वाटेल, इथे रोगराई येऊन सगळे गेले आणि चित्रं तेवढी राहिली.

मुळ्येकाका

तांब्या, उदाहरणं तुमच्याच अंगावर उलटताहेत. होमाईबाईंच्या त्या काळातल्या गाजलेल्या फोटोंमध्ये दिसणारी रेहाना मोगल ही जे. जे. कलाशाळेतली त्यांची वर्गमैत्रीण. ओळखीची, सोबतची. ओलवे सफाई कामगारांमध्ये दीर्घकाळ वावरले. रविवारी सकाळी उतरले, चार क्लिक केले आणि नाश्त्याला कुलाब्यात गेले, असं ते काम नाही. विचारणं म्हणजे तोंडानेच विचारणं असं कुणी सांगितलं? रोज दिसणारा माणूस एक दिवस कॅमेरा काढतो तेव्हा त्याला विचारावं लागत नाही.

बिनबुडाचा तांब्या

काका, ते मान्य. पण मग नोकरी करणाऱ्याने फोटो काढायचेच नाहीत का? वर्षभर डॉकवर जाऊन बसायला मला घरचे वाटेला लावतील.

नाखव्याची लेक

मी सहसा इथे नुसती वाचते. आज लिहिते, कारण माझी आत्या ससून डॉकला कोळंबी सोलते. धागाकर्त्यांना "विचारलंस?" म्हणणारी तीच असेल असं नाही, पण असती तरी नवल वाटलं नसतं.

सोलणाऱ्या बाईला वजनावर पैसे मिळतात. हात थांबला की पैसे थांबतात. बर्फातल्या कोळंबीने बोटं सुजतात, ते वेगळंच. तुम्ही उजेडात बसता तेव्हा तिच्या पाटीवर तुमची सावली पडते. तिला राग फोटोचा नसतो, सावलीचा असतो.

आता तुमच्या "आधी विचारा"बद्दल. डोक्यावर ओली पाटी घेऊन, निसरड्या फरशीवरून जवळजवळ पळत येणाऱ्या बाईला थांबवून परवानगी मागणारे मी पाहिलेत. फार नम्रपणे विचारतात. "मावशी, एक फोटो?" अहो, तिच्या मानेवर भार आहे! पाटीतलं पाणी तोंडावर गळतंय. न विचारता काढलेल्या फोटोपेक्षा हे विचारणं जास्त महागात पडतं. त्यापेक्षा लांबून काढा आणि वाट मोकळी ठेवा.

2017 साली ससून डॉकवरच कलाप्रदर्शन भरलं होतं, तेव्हा डॉकवरच्या कोळी माणसांचे मोठमोठे काळे-पांढरे चेहरे तिथल्या इमारतीवर लावले होते. मी आईला घेऊन गेले होते. आई रस्त्यातच उभी राहून एकेक चेहरा ओळखत होती, ही अमकीची जाऊ, हा तमक्याच्या बोटीचा तांडेल. अर्धा तास. त्या चेहऱ्यांनी कॅमेऱ्यात बघून फोटो दिले होते, तांब्यादादा, पोट आत घेऊनसुद्धा. आणि एकही चेहरा मेलेला नव्हता.

बघायला आलेली निम्मी मंडळी मात्र नाकाला रुमाल लावून फिरत होती. भिंतीवरच्या कोळणीसमोर सेल्फी, आणि खरी कोळीण पाटी घेऊन आली की "ईऽऽ पाणी!" त्यावर आमची आत्या जे बोलली ते इथे छापता येणार नाही.

फिरस्ता पुणेकर

मी गेलो होतो त्या प्रदर्शनाला. डोक्यावर प्लास्टिकचा कचरा लटकवून समुद्राखाली असल्याचा भास करून देणारं एक दालन होतं, ते अजून आठवतं. रुमाल माझ्याही नाकाला होता हे कबूल करतो. पण ताई, 1875 सालची ती गोदी आतून पाहायला माझ्यासारखा माणूस एरवी कधी आला असता? चित्रं होती म्हणून आलो. नाक दाबून का होईना, आलो.

नाखव्याची लेक

आलात, बरं केलंत. मासळी घेतलीत का?

फिरस्ता पुणेकर

…नाही. पुण्याला न्यायची कशी?

मेट्रोच्या खिडकीतून

असल्फाचा विषय निघालाय म्हणून. मी तिथेच वाढलो. डिसेंबर 2017 मध्ये स्वयंसेवक आले, घरांच्या बाहेरच्या भिंती गुलाबी, पिवळ्या, निळ्या केल्या. मेट्रोतून बघणारे लगेच इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव घ्यायला लागले. आमच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यांची रांग. एकदा एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट आमच्या दारात चाललं होतं. आई आतून ओरडली, "जरा सरका, पाण्याची वेळ झालीये, हंडे बाहेर काढायचेत." छायाचित्रकार म्हणाला, "काकू, हंडे राहू द्या ना, छान दिसतात."

बाहेर रंग, आत गळती. हे सगळे बोलतात, आणि खरंच आहे ते. पत्र्यातून पाणी टपकायचं थांबलं नाही. पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आमच्याच वस्तीतले मला धरतील. आधी कुठे राहतो विचारलं की मी "घाटकोपर" म्हणून थांबायचो. त्यानंतर "ती रंगीत टेकडी" म्हणायला लागलो. समोरचा म्हणायचा, "अरे वा!" बायोडेटात हे लिहिता येत नाही, पण चार लोकांत बसताना फरक पडतो. पुढे पावसाळ्यांनी रंग उडवला ते सोडा.

धागाकर्ते म्हणतात माणूस सोडून नुसती भिंत काढा. दादा, ती "नुसती भिंत" माझ्या आईच्या स्वयंपाकघराची आहे. माणूस वगळला की तुमची सुटका होते, आमची नाही.

ब्रश आणि बादली

मी भिंती रंगवतो. आधी दुकानांच्या पाट्या, आता चित्रं. फाळक्यांचं चित्र 2014 चं. ते करणारे रणजित दहिया मुळात घरं रंगवायचं काम करून वर आलेले, म्हणून आम्हा लोकांना त्यांचं कौतुक जरा जास्त. तर त्या चित्राचे जेवढे फोटो मी इंटरनेटवर पाहिलेत, त्यातल्या किती जणांनी चित्रकाराचं नाव लिहिलंय? कोळणीला विचारायचं की नाही यावर पानंच्या पानं, आणि चित्रकाराला कुणी विचारतच नाही. जणू भिंतीला आपोआप फाळके उगवले.

आणि माणसं गाळून चित्राचा फोटो काढू नका, माझी विनंती आहे. मी जमिनीपासून किती उंचीवर काय काढायचं हे समोरून जाणारा माणूस धरूनच ठरवतो. चहाची टपरी, एसीचा डबा, लोंबणाऱ्या वायरी हे सगळं मोजून चित्र बसवलेलं असतं. तुम्ही ते कापून काढता आणि मग ते कॅलेंडर दिसतं.

ता. क. फाळके स्वतः आधी फोटोग्राफर होते. गोध्र्याला स्टुडिओ होता. पुढे बडोद्याला धंदा टाकला तो चालेना, कारण कॅमेरा अंगातली ताकद ओढून घेतो अशी लोकांची समजूत. हा धागा वाचून वाटतं, ते लोक अगदीच चुकीचे नव्हते.

काळा डगला

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही (संरक्षण खात्याच्या वगैरे प्रतिबंधित जागा सोडून). खासगी क्षण चोरून टिपणं हा गुन्हा आहे, ते वेगळं.

भित्तिचित्रांची गोष्ट मात्र बहुतेकांना वाटते तेवढी सोपी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांचे आणि इमारतींचे फोटो काढायला, छापायला मोकळीक आहे. रंगवलेलं चित्र त्या मोकळिकीत बसतं का, हा वादाचा मुद्दा. एका विमा कंपनीने भित्तिचित्र आपल्या जाहिरातीच्या फलकावर वापरलं, तेव्हा 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा प्राथमिक कल चित्रकारांच्या बाजूने होता. घरच्या अल्बमसाठी कुणी तुमच्या मागे लागणार नाही. पण त्या फोटोचे टी-शर्ट छापायचे असतील तर ब्रश-आणि-बादलींना आधी फोन करा.

धागाकर्त्यांची उलटापालट झाली आहे एवढंच सांगायचं होतं. ते म्हणतात भिंत सर्वांची आणि माणूस त्याचा स्वतःचा. कायद्याच्या नजरेतून फोटो विकायला काढलात, तर भिंतच जास्त जपावी लागेल!

मांडवीकाठचा

आमच्या गोव्यात हा वाद पुढच्या इयत्तेत गेलाय. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये घरांवर "फोटो काढू नये" अशा पाट्या लागल्या आहेत. पिवळ्या भिंती, निळ्या खिडक्या, आणि खिडकी उघडली की समोर टोपी घातलेली कुणीतरी पोझ देतेय. पर्रा गावात 2019 साली माडांच्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांकडून स्वच्छता कराच्या नावाखाली पैसे घ्यायला सुरुवात केली होती, बोंब झाली आणि ते बंद पडलं. माझं मत विचाराल तर पाटीही नको आणि पावतीही नको. पण पाटी लावेपर्यंत आपण माणसाला नेतो, हे खरं.

बिनबुडाचा तांब्या

बरं. नाखव्याच्या लेकीचा मुद्दा मला पटला, काकांचा अर्धा पटला, वकिलांनी घाबरवलं. पण मूळ मतावर मी आहे तिथेच आहे. न विचारता काढलेल्या फोटोत जे सापडतं ते विचारून सापडत नाही. डॉकवरचे ते चेहरे सुंदर होते, मान्य, पण त्यात हात कुठे होते? सोलणारे, सुजलेले हात? ते ताईंच्या लिहिण्यातून कळले. ते दाखवायचे तर कुणीतरी कामाच्या वेळीच, न थांबवता काढायला हवेत.

नाखव्याची लेक

हातांचं बरोबर बोललात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चौकटीबाहेर (धागाकर्ता)

"माणूस वगळला की तुमची सुटका होते" हे वाक्य लागलं. नुसती भिंत काढायची हा भाग मागे घेतो. विचारण्याचा भाग घेत नाही. फक्त ओझं डोक्यावर असताना नाही, उतरल्यावर विचारेन, आणि नाही म्हटलं तर पुसेन. तांब्याशेठ हसतील, हसोत.

येत्या रविवारी पुन्हा जातोय. कॅमेऱ्याला पन्नासची लेन्स, म्हणजे जवळ जावं लागेल. ताई, आत्याबाई कुठल्या बाजूला बसतात?

नाखव्याची लेक

ते सांगणार नाही, शोधा. पांढरे बूट घालून येऊ नका. लिलाव संपेपर्यंत मधे उभे राहू नका, भिंतीला टेकून राहा. आणि पिशवी आणा. आत्याला काल धागा वाचून दाखवला, तर म्हणाली, "फोटू कारतंस त कार, पन मावरा पन घे." मावरा म्हणजे मासळी.

फिरस्ता पुणेकर

थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून पुण्यापर्यंत टिकतं का? खरंच विचारतोय.