ओव्हरलुक माउंटनच्या पडक्या हॉटेलजवळचा लेटरबॉक्स सापडत नाहीये, मदत हवी

चिऊचीआई:
नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि लेटरबॉक्सिंग खेळतो, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा (लेटरबॉक्स) क्लूवरून शोधायचा, त्यातल्या वहीत आपला शिक्का मारायचा आणि डब्यातला शिक्का आपल्या वहीत. मागच्या रविवारी नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळच्या ओव्हरलुक माउंटनला गेलो होतो. तिबेटी मठासमोरून वाट सुरू होते, रुंद आहे पण सलग चढ, आणि वर गेल्यावर एकदम ते जुनं हॉटेल समोर येतं, छप्पर नाही, खिडक्यांतून आरपार आभाळ दिसतं आणि आतच झाडं उगवलीयेत. लेक तर बघतच राहिली.

क्लू असा होता की दाराच्या डाव्या खांबाला पाठ लावून २२० डिग्री, ३५ पेस, मग दोन बुंध्यांचं झाड आणि त्याच्या मुळाशी चपटा दगड. फोनच्या कंपासवर बघून तीनदा पावलं मोजली, पण तसं झाडच नाही. लेकीने खोडरबर कोरून स्वतःचा स्टँप केलाय, चिमणी आणि खाली 'चिऊ', पहिल्यांदा सुलट कोरलं तर कागदावर उलटं उमटलं, म्हणून दुसरं खोडरबर घेऊन आरशात बघत परत कोरलं, आणि तो वापरायलाच मिळाला नाही. येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. आमचं काय चुकलं? की बॉक्सच कुणी नेला?

रानवेडा:
बॉक्स असेल तिथेच, आधी फोनचं सेटिंग बघा. क्लूमधले अंश बहुतेक वेळा साध्या चुंबकी कंपासचे असतात, आणि तुमच्या फोनमध्ये 'ट्रू नॉर्थ' (खरी भौगोलिक उत्तर) चालू असेल तर दिशा बदलते. आपल्याकडे सह्याद्रीत हा फरक जवळजवळ शून्य म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही, पण कॅट्सकिलमध्ये, म्हणजे ओव्हरलुकच्या डोंगररांगेत, सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण १३ डिग्री पश्चिमेला असते. म्हणजे क्लूमधले २२० म्हणजे तुमच्या फोनवरचे २०७, तुम्ही उजवीकडे भरकटलात.

दुसरं म्हणजे पेस. बरेच लेटरबॉक्सवाले उजवा पाय पडला की एक धरतात, म्हणजे ३५ पेसची ७० पावलं. तेवढ्या अंतरावर १३ डिग्रीची चूक म्हणजे पंधरा-सोळा पावलं बाजूला, झाड दिसणार कसं!

सुलभा_काकू:
मुलीला घेऊन जातेस तर एक सांगते गं, तिथे रॅटलस्नेक आहेत, विषारी साप. दगडाखाली, भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही, आधी लांब काठीने हलवून बघायचं. आणि भिंतीचा एकही दगड उपसू नका. पहिलं हॉटेल १८७१ मध्ये उघडलं, १८७३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट येऊन गेले, १८७५ मध्ये जळालं. १८७८ मध्ये परत बांधलं, १९२० च्या दशकात तेही जळालं, मग काँक्रीटमध्ये बांधायला घेतलं ते पुरं झालंच नाही, आपण बघतो ते हेच. जे उरलंय ते पोरांच्या पोरांना दिसायला हवं.

एक्सेटरकर:
मी तीन वर्षं इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळरानाजवळ होतो, हा खेळ तिथलाच. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलला, पार दलदलीत, एक बाटली ठेवली, तिथवर चालत येणाऱ्याने आपलं कार्ड टाकावं म्हणून. पुढे लोक पत्ता लिहिलेली पत्रं ठेवायला लागले आणि नंतर येणारा ती पोस्टात टाकायचा, नाव त्यावरूनच पडलं. मला पहिला बॉक्स तिसऱ्या फेरीत मिळाला होता आणि तो शिक्का अजून जपून ठेवलाय. चिऊला सांगा, परत जायचं.

चिऊचीआई:
मिळाला!!! रानवेडा, 'ट्रू नॉर्थ' खरंच चालू होतं. २०७ धरून ७० पावलं चाललो आणि झाड दोन हातांवर. काकू, दगड काठीनेच उलटवला. डब्याच्या आतली पिशवी फाटली होती, वही एका कडेने ओली, म्हणून तासभर उन्हात पानं उघडून धरून बसलो, मग चिऊने फुंकर मारत मारत शिक्का मारला, तारीख मराठीत लिहिली. आमच्या डब्याची पिशवी काढून त्यात वही ठेवली आणि बॉक्सवाल्यांना नवी वही लागेल म्हणून कळवलंय.